देऊळ कोणाचं, फादर कोणाचा

मार्च १८५३. माहीमच्या सेंट मायकल चर्चचे दरवाजे आतून बंद. आत मुंबईचे बिशप अनास्तासियुस हार्टमन, स्वित्झर्लंडहून आलेले पन्नाशीचे कपुचिन संन्यासी, आणि त्यांचे तिशीतले इटालियन सोबती इग्नेशियस पर्सिको. बाहेर वेढा घालून बसलेले लोक. त्यांनी आत जाणारं दाणापाणी अडवलं होतं, आणि बिशप बाहेर येत नाहीत तोवर हलायचं नाही असं ठरवलं होतं. हे वेढा घालणारे परधर्मी नव्हते. दर रविवारी याच वेदीसमोर गुडघे टेकणारे माहीमचे कॅथलिक होते. बिशपही त्यांच्याच धर्माचे, पोपनेच नेमलेले.

प्रश्न एकच होता. हे देऊळ रोमने पाठवलेल्या बिशपांचं, की गोव्याच्या आर्चबिशपांचं? माहीमकर गोव्याच्या बाजूला वळले होते. हार्टमननी चर्चचा ताबा सोडायला नकार दिला आणि ते स्वतःच आत जाऊन बसले. प्रसंगी इथेच प्राण गेला तरी बेहत्तर, या तयारीने. शेवटी इंग्रज सरकारने मध्ये पडून दार उघडवलं आणि चर्च गोव्याच्या पक्षाकडे गेलं. कुठला पोपचा आदेश खरा आणि कुठला खोटा, याच्याशी कंपनी सरकारला काही देणंघेणं नव्हतं. त्यांना रस्त्यावर दंगा नको होता, एवढंच.

माहीमच्या या वेढ्याची गोष्ट मुंबईच्या इतिहासात सहसा दोन ओळींत उरकली जाते. पण वसईच्या खाडीपासून कुलाब्यापर्यंतच्या ख्रिस्ती माणसाचं आयुष्य जवळजवळ दोनशे वर्षं ज्या भांडणात अडकून पडलं होतं, ते सगळं या एका प्रसंगात दिसतं. ते भांडण कायद्याचं होतं. तलवारी, तोफा, तह नंतर, आधी कागद.

कागदांची सुरुवात पंधराव्या शतकातली. नवे प्रदेश शोधणाऱ्या पोर्तुगालच्या राजांना पोपनी फर्मानं दिली. तुम्ही तिकडे चर्च बांधा, पाद्री पाठवा, खर्च उचला. त्या बदल्यात बिशप कोण असावा हे सुचवण्याचा हक्क तुमचा. या हक्काला पाद्रुआदो म्हणत. दीडशे वर्षांत पोर्तुगालची ताकद ओसरली, डच आणि इंग्रज समुद्रात उतरले, आणि रोमला कळून चुकलं की अख्ख्या पूर्वेचा धर्मप्रसार एका दमलेल्या राजाच्या हवाली करून चालणार नाही. म्हणून १६२२ मध्ये पोपनी स्वतःचं खातं उघडलं, त्याचं नाव प्रोपागांडा फिदे. पाच वर्षांनी, १६२७ मध्ये, त्याच खात्याने रोममध्ये एक विद्यालय काढलं. मिशनच्या देशांतली मुलं तिथे शिकून धर्मगुरू व्हावीत, हा त्याचा हेतू.

या खात्याच्या आश्रयाला गेलेला पहिला नावाजलेला भारतीय म्हणजे गोव्याच्या दिवाडी बेटावरचा मातेउस दे कास्त्रो. ब्राह्मण कुळातला. गोव्यात गोऱ्या धर्माधिकाऱ्यांनी त्याच्या वाटेत धोंडे घातले, म्हणून तो थेट रोमला गेला. १६३७ मध्ये तो बिशप झाला. पोर्तुगीजांनी त्याचं बिशपपद मानलंच नाही. आयुष्यभर तो बिचोली, विजापूर आणि रोम यांच्यामध्ये भांडत राहिला. कास्त्रो चिडखोर होता, त्याचे आरोप पुष्कळदा अतिरेकी होते, हे खरंच. पण या मातीतला माणूस इथल्या चर्चचा अधिकारी का होऊ नये, हा त्याचा प्रश्न पुढे तीनशे वर्षं कोणी धड सोडवला नाही.

आता जरा उत्तरेला येऊ. आज ज्याला आपण मीरा-भाईंदर म्हणतो, त्याच्या पश्चिमेला धारावी बेट. (झोपडपट्टीवाली धारावी वेगळी.) भाईंदर, मुर्धे, राई, मोर्वे, डोंगरी, उत्तन, पाली, चौक आणि पुढे गोराई, मनोरी. मासेमारी, भातशेती आणि मिठागरं यांच्यावर जगलेली ही गावं. पोर्तुगीज काळात इथे चर्च उभी राहिली आणि कोळी, शेतकरी, आगरी घरं ख्रिस्ती झाली. भाषा मात्र मराठीचीच बोली राहिली. लग्नातली गाणी, हळद, जात्यावरच्या ओव्या काही बदलल्या नाहीत.

१७३७ पासून दोन वर्षं मराठे आणि पोर्तुगीज यांच्यात या बेटावरचा धारावीचा किल्ला हातोहात फिरला. मार्च १७३९ मध्ये तो मराठ्यांकडे आला आणि मे महिन्यात वसई पडली. चौकच्या टेकडीवर आज चिमाजी अप्पांचं स्मारक आहे ते याच मोहिमेचं. वसईच्या तहात मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना धर्म पाळण्याची मुभा होती. युरोपियन फ्रान्सिस्कन आणि जेझुइट निघून गेले. त्यांच्या जागी गोव्याहून काळ्या कातडीचे, कोकणी बोलणारे पाद्री आले. पेशव्यांच्या राज्यात उत्तनच्या कोळ्याचा बाप्तिस्मा गोव्याच्या आर्चबिशपाच्या नावाने होत राहिला. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाणं घेतलं, त्याभोवतीचं साष्टी बेट गिळलं. त्यानंतरही इथली देवळं बहुतेक गोव्याकडेच राहिली.

मुंबई बेटावर मात्र गोंधळ होता. १७२० मध्ये इंग्रज गव्हर्नरने पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांना हाकलून रोमच्या कार्मेलाइटांना बोलावलं. पुढे इंग्रजांचं मन बदललं, परत बदललं, आणि १७९४ पासून चक्क वाटणी झाली. काही देवळं गोव्याची, काही रोमची. १८३८ मध्ये पोपनी एका फर्मानाने कोचीन, मैलापूरसारख्या जुन्या पोर्तुगीज धर्मप्रांतांचा अधिकार काढून घेतला, तेव्हा गोव्याच्या पक्षाने वकिली मुद्दा काढला. पाद्रुआदो म्हणजे करार. दोघांनी केलेला करार एकाने मोडता येत नाही. रोमचं म्हणणं, पोपनी दिलेली सवलत पोप काढून घेऊ शकतो. दोन्ही बाजूंकडे कॅनन लॉचे, म्हणजे चर्चच्या कायद्याचे पंडित होते आणि दोन्हीकडे जाडजूड पोथ्या होत्या. माहीमचा वेढा हे या वादाचं रस्त्यावर आलेलं रूप. हार्टमननी १८५० मध्ये सुरू केलेलं ‘एक्झॅमिनर’ हे साप्ताहिकही याच लढाईतलं हत्यार होतं. ते आजही मुंबईहून निघतं, आता अर्थातच निवांतपणे.

पुढचा भाग भराभर सांगतो. १८८६ मध्ये पोप आणि पोर्तुगाल यांच्यात तह झाला. मुंबईचा आर्चबिशप वेगळा आणि दमणचा नवा बिशप वेगळा. साष्टी, वसई दमणकडे. पण मुंबई बेटावर दोघांचाही अधिकार चालू. तो मुलखावर नसून माणसावर चालायचा, म्हणजे एकाच गल्लीत समोरासमोरच्या दोन घरांचे बिशप वेगळे, कारण त्यांच्या आजोबांनी कधीकाळी बाजू वेगळी घेतलेली. १९२८ मध्ये हे संपलं. दमणचा धर्मप्रांत गोव्यात विलीन झाला आणि साष्टी, वसई मुंबईला जोडली गेली. त्याच करारात असं कलम की मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश. भारतीयाची पाळी त्यात नव्हतीच. १९५० मध्ये पोर्तुगालने मुंबईवरचा उरलेला हक्क सोडला आणि त्याच डिसेंबरात व्हॅलेरियन ग्रेशस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. १९५३ मध्ये ते भारताचे पहिले कार्डिनल. कास्त्रोच्या प्रश्नाला एवढ्या उशिरा उत्तर मिळालं.

याच काळात माहीमच्या त्या सेंट मायकल चर्चच्या शाळेत एक मुलगा शिकत होता. ओस्वाल्ड ग्रेशस. जन्म २४ डिसेंबर १९४४. कार्डिनल व्हॅलेरियन यांच्याशी आडनावापुरतंच साम्य. शाळा संपली, सेंट झेवियर्स कॉलेजात एक वर्ष झालं, आणि तो गोरेगावच्या सेंट पायस सेमिनरीत दाखल झाला. तो काळ विलक्षण होता. १९६२ ते १९६५ रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद चालू होती, लॅटिन मिस्सा मागे पडून मराठी, कोंकणीत प्रार्थना येत होत्या. १९६४ मध्ये पोप सहावे पॉल खुद्द मुंबईला आले. भारतात पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. २० डिसेंबर १९७० रोजी कार्डिनल व्हॅलेरियन यांच्या हातून ओस्वाल्ड यांना गुरुदीक्षा मिळाली.

पहिली नेमणूक मुंबईबाहेर, जमशेदपूरला. तिथल्या जेझुइट बिशपांचे सचिव आणि चॅन्सलर म्हणून पाच वर्षं. चॅन्सलर म्हणजे धर्मप्रांताचा दप्तरदार. नेमणुकीचे कागद, बाप्तिस्म्याच्या नोंदी, जमिनीचे दस्त, रोमशी पत्रव्यवहार, सगळं त्याच्या हाताखालून जातं. तरुण धर्मगुरूला हे काम रुक्ष वाटावं. यांना त्यात गोडी लागली असावी, कारण १९७६ मध्ये ते कायदा शिकायला रोमला गेले आणि १९८२ मध्ये डॉक्टरेट घेऊन आले. ती डॉक्टरेट उर्बानियाना विद्यापीठाची, म्हणजे १६२७ मध्ये प्रोपागांडाने काढलेल्या त्याच विद्यालयाची. हार्टमनना ज्या चर्चमध्ये गोव्याच्या पक्षाने कोंडलं, त्या चर्चचा मुलगा रोमच्या पक्षाच्या घरात वकील झाला.

ते परतले आणि वर्षभरात कायदाच बदलला. २५ जानेवारी १९८३ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी नवी संहिता जाहीर केली. १९१७ च्या जुन्या संहितेत २४१४ कलमं होती, नवीत १७५२. ताज्या डॉक्टरला पुस्तक पुन्हा उघडावं लागलं. पण फायदाही झाला. नवी संहिता समजावून सांगणारी माणसं भारतात थोडी होती. मुंबई, पुणे, बंगळूर इथल्या सेमिनऱ्यांत ग्रेशस ती शिकवू लागले, पुढे कॅनन लॉ सोसायटी ऑफ इंडियाचे अध्यक्षही झाले. मुंबईत ते चॅन्सलर होते, चर्चच्या न्यायालयात न्यायाधीश होते आणि १९८८ मध्ये ज्युडिशियल व्हिकर झाले. बिशपाच्या वतीने न्याय देणारा मुख्य न्यायाधीश म्हणजे ज्युडिशियल व्हिकर.

या न्यायालयात काय चालतं, हे ख्रिस्ती घरांतही फारसं बोललं जात नाही. बहुतेक प्रकरणं लग्नाची. कॅथलिक चर्च घटस्फोट मानत नाही. ते फक्त एवढंच तपासतं की वेदीसमोर जे झालं ते मुळात लग्न होतं का. म्हणून संसारात पुढे काय बिघडलं यापेक्षा त्या दिवशी काय होतं याला महत्त्व. मुलीने होकार दिला तो घरच्यांच्या धाकाने का? नवऱ्याचा मानसिक आजार लपवला होता का? लग्न म्हणजे काय हे पेलण्याची एखाद्याची कुवतच नव्हती का? भाईंदरच्या चाळीतली बाई आणि वांद्र्याच्या फ्लॅटमधला माणूस, दोघांनाही तेच प्रश्न. उघडं कोर्ट नाही, उलटतपासणीचा तमाशा नाही. एक धर्मगुरू विचारतो, लेखनिक उतरवून घेतो, साक्षीदार शपथेवर बोलतो, शेवटी लिहिलेलं वाचून दाखवलं जातं आणि सही होते. साक्षीला आई येते, करवली येते, लग्न लावणारा फादर येतो.

आणि एक माणूस असतो जो नवरा-बायको दोघांच्याही विरुद्ध बोलतो. त्याला विवाहबंधनाचा रक्षक म्हणतात. दोघंही ‘हे लग्न नव्हतंच’ म्हणत असले तरी ‘होतं’ असं मांडण्याचं काम त्याचं. हे पद पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी १७४१ मध्ये निर्माण केलं. इकडे वसई पडून दोन वर्षं झाली होती. पहिला निकाल रद्दबातलीचा लागला तर वरच्या न्यायालयानेही तोच द्यावा, हा नियमही तेव्हाचाच. दोन निकालांच्या या अटीमुळे माणसं वर्षानुवर्षं लटकून राहत. विहिरीवर पाणी भरायला आलेल्या बाईला दोन ठिकाणी चिठ्ठी दाखवायला लावावी, तसला प्रकार. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ती अट काढून टाकली.

बरं, चर्चचा निकाल हाती आला तरी सुटका नाहीच. सरकारी कोर्ट तो घटस्फोट म्हणून धरत नाही. सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये मॉली जोसेफ खटल्यात हे स्पष्ट केलं, आणि जानेवारी २०१७ मध्ये चर्चच्या निकालाला मान्यता मागणारी याचिका पुन्हा फेटाळली. सरकारी बाजूचा कायदा तरी कुठे धड होता? १८६९ च्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे. बायकोला व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य किंवा परित्याग सिद्ध करावा लागे. मुंबई हायकोर्टाने प्रगती वर्गीस खटल्यात १९९७ मध्ये हा भेद मोडून काढला आणि संसदेने २००१ मध्ये कायदा सुधारला. ख्रिस्ती बाईने दोन दरवाजे ठोठावायचे आणि दोन्हीकडे दशकं मोजायची, ही त्या काळची रीत. दोष कोणाचा म्हणाल तर दोघांचाही, पण माझ्या मते चर्चचा जास्त. सरकारपेक्षा त्याला आपली माणसं जवळून दिसत होती.

१९९७ च्याच सप्टेंबरात ग्रेशस मुंबईचे साहाय्यक बिशप झाले. पुढे आग्र्याचे आर्चबिशप, ऑक्टोबर २००६ मध्ये मुंबईच्या आर्चबिशपपदी नेमणूक, नोव्हेंबर २००७ मध्ये कार्डिनल. दरम्यान मुंबईचा नकाशा पुन्हा बदलला होता. मे १९९८ मध्ये वसईचा वेगळा धर्मप्रांत झाला आणि सीमा खाडीवर आली. नायगाव पलीकडे, भाईंदर अलीकडे. खाडीच्या दोन्ही काठांवर सोयरिकी आहेत, बोलीत फरक थोडा आहे, पण बिशप वेगळे. उत्तनचं अवर लेडी ऑफ द सी, डोंगरीचं बेथलेहेम माउलीचं, भाईंदरचं नाझरेथ माउलीचं, मीरा रोडचं सेंट जोसेफ, ही सगळी मुंबईकडे राहिली. या वेळी कोणी वेढा घातला नाही. कारण बिशप दोन्हीकडे याच मातीतले होते.

ग्रेशस यांचा पिंड शेवटपर्यंत न्यायाधीशाचा राहिला. डिसेंबर २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ कायम ठेवलं, तेव्हा त्यांनी जाहीर सांगितलं की चर्च समलिंगी विवाह मान्य करत नाही, पण समलिंगी माणसांना गुन्हेगार ठरवणं चर्चला नको आहे. पाप वेगळं, गुन्हा वेगळा. साधा भेद, पण त्या आठवड्यात भारतातले कितीतरी धर्मपुढारी नेमका तोच विसरले होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पोप फ्रान्सिस यांनी व्हॅटिकनचा कारभार नव्याने बांधण्यासाठी आठ कार्डिनलांचं मंडळ नेमलं. आशियातून त्यात एकटे ग्रेशस. नऊ वर्षांच्या बैठकांतून मार्च २०२२ मध्ये व्हॅटिकनच्या कारभाराची नवी घटना जाहीर झाली. तिने ज्यांची फेररचना केली त्यात चारशे वर्षांचं प्रोपागांडा खातंही होतं. ज्या खात्याच्या विरोधात माहीममध्ये दाणापाणी अडवलं गेलं, त्याची नवी घडी बसवणाऱ्या मंडळात माहीमच्या शाळेतला माणूस होता. कास्त्रोला हे सांगितलं असतं तर त्याचा विश्वास बसला नसता.

कायद्याच्या माणसाची परीक्षा कायदा वापरताना होते, आणि तिथे ग्रेशस यांच्या खात्यावर एक ठळक उणी नोंद आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये अल्पवयीनांच्या लैंगिक शोषणावर व्हॅटिकनने परिषद घेतली, तिच्या आयोजकांत ते होते. नेमकं तेव्हाच बीबीसीने मुंबईतल्या अशा तक्रारींवर बातमी केली. आपल्याकडे आलेल्या तक्रारी आणखी चांगल्या हाताळता आल्या असत्या, हे त्यांनी त्या वेळी मान्य केलं. कबुली मोलाची, पण ती देणारा माणूस आयुष्यभर न्यायासनावर बसलेला होता. लग्नाच्या एका खटल्यात दहा-दहा साक्षी नोंदवणारं दप्तर लहान मुलाच्या तक्रारीपुढे संथ पडलं, हे सहज सोडून देण्यासारखं नाही.

२५ जानेवारी २०२५ रोजी, कॅनन लॉची संहिता जाहीर झाल्याला बरोबर बेचाळीस वर्षं होत असताना, त्यांचा राजीनामा स्वीकारला गेला आणि जॉन रॉड्रिग्ज मुंबईचे आर्चबिशप झाले. २१ एप्रिलला पोप फ्रान्सिस गेले. मेमध्ये कार्डिनल निवडणुकीसाठी जमले, तेव्हा ग्रेशस यांना मताचा अधिकार नव्हता, कारण आदल्याच डिसेंबरात त्यांना ऐंशी वर्षं पूर्ण झाली होती. ऐंशीनंतर मत नाही हा नियम पोप सहावे पॉल यांनी नोव्हेंबर १९७० मध्ये केलेला, ग्रेशस यांच्या दीक्षेच्या आदल्या महिन्यात. ८ मे रोजी पोप चौदावे लिओ निवडून आले. त्यांचीही डॉक्टरेट कॅनन लॉमधलीच आहे.